जेत्यांचीं पदकें

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं तबकांत मांडल्या जाणाऱ्या नाण्यांकडे आपल्या घरांतून सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. राणीच्या मुखवट्याचा रुपया, पंचम जॉर्जचा रुपया, वाडवडिलांनीं जपून ठेविलेली एखादी मोहोर, अशीं तीं नाणीं वर्षांतून एकदां डब्यांतून बाहेर येतात आणि हळदकुंकू लागून पुन्हां डब्यांत जातात. ह्या मेळाव्यांत क्वचित् असा एखादा गोल तुकडा सांपडतो कीं, त्यावर किंमत म्हणून कांहींच लिहिलेलें नसतें. तो रुपयापेक्षां मोठा व जाड असतो, त्यावर एखादी लढाई, एखादा किल्ला किंवा पंख असलेली एखादी देवता कोरलेली असते, आणि कधीं कधीं वरच्या बाजूस कडीसाठीं भोंक पाडलेलें असतें. घरांतील मंडळी त्यासही 'जुनें नाणें' म्हणतात. पण तें नाणें नव्हे, पदक होय. नाणें बाजारांत फिरण्यासाठीं पाडतात, पदक स्मरणासाठीं. कोणाच्या स्मरणासाठीं, हा आमच्या ह्या लेखाचा विषय आहे.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत अशा पदकांचा मोठा सुकाळ झाला होता. राज्याभिषेक, राजविवाह, तह, आरमारी विजय, किंबहुना एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकालसुद्धां, ह्यांपैकीं कोणतेंही निमित्त पुरत असे. तीं जमविणें हा युरोपांत प्रतिष्ठेचा छंद आहे व त्यावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. ब्रिटिश म्यूझियमनें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेला एडवर्ड हॉकिन्स ह्यांचा ग्रंथ दुसऱ्या जॉर्जच्या मृत्यूपर्यंतच्या, म्हणजे १७६० पर्यंतच्या, पदकांसाठीं अद्यापि प्रमाण मानतात. तेथून पुढच्या काळासाठीं लॉरेन्स ब्राउन ह्यांचा १९८० चा ग्रंथ पाहतात, आणि हिंदुस्थानाशीं संबंध असलेल्या पदकांवर रॉबर्ट पडेस्टर ह्यांनीं २००२ सालीं स्वतंत्र ग्रंथ काढला. पदक कसें आहे, कोणीं कोरलें, कोणत्या धातूंत निघालें, हें ह्या ग्रंथांवरून कळतें. पण त्या त्या प्रसंगीं आपल्या बाजूस काय चाललें होतें तें सांगण्याची जबाबदारी त्यांची नव्हे, ती आपली आहे. आणि आपल्याकडे ह्या विषयाची चर्चा फारशी होत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

आमचें बिऱ्हाड अँटॉप हिलला आहे. सरकारी नोकरांच्या वसाहती, वखारी आणि वडाळ्याकडचीं एके काळचीं मिठागरें ह्यांच्यामध्यें दबलेली ही टेकडी मुंबईच्या इतिहासांत फारशी कोणी मोजीत नाहीं. परंतु तिच्या उत्तरेस, पायीं जाण्याइतक्या अंतरावर, शीवचा किल्ला आहे. जेराल्ड आँजिअर मुंबईचा गव्हर्नर असतांना, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, तो बांधला गेला. 'शीव' म्हणजे हद्द, हें घरांतील शाळकरी मुलासही सांगावें लागत नाहीं. अठराव्या शतकाच्या बहुतेक काळांत कंपनीची मुंबई खरोखरीच येथें संपत असे, आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. १७३७ पर्यंत ती साष्टी पोर्तुगीजांची होती, नंतर मराठ्यांची झाली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन ती बळकाविली. पुढें रघुनाथरावांचें निमित्त करून जें युद्ध पेटलें तें १७८२ च्या मे महिन्यांत सालबाईच्या तहानें मिटलें. त्या तहांत साष्टी गेली ती गेलीच, वसई मात्र पेशव्यांस परत मिळाली.

आज आमच्या गच्चीवरून त्या दिशेस पाहिलें तर इमारतींखेरीज कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्या युद्धाची ठिणगी ह्या खाडीपलीकडे पडली, त्या युद्धाचें एक पदक आहे. त्यास 'डेक्कन पदक' म्हणतात. मराठी संग्राहकानें अभ्यासास आरंभ करावयाचा तो येथून करावा, असें आमचें मत आहे. अस्सल पदक हातीं लागणें दुर्लभ आहे, हें खरें. पण चांगल्या छायाचित्रावरूनही पुष्कळ वाचतां येतें.

कलकत्त्याच्या सरकारनें हें पदक १७८४ सालीं करविलें. एका बाजूस ब्रिटानिया शस्त्रांच्या राशीवर बसली आहे. तिच्या हातांत विजयमाला आहे, आणि तो हात तिनें समोरच्या एका किल्ल्याकडे पसरला आहे. किल्ल्यावर इंग्रजी निशाण फडकत आहे. पदक उलटून पाहावें तर दुसऱ्या बाजूस इंग्रजीचें एक अक्षरही नाहीं! सगळा लेख फारशींत आहे. मध्यभागीं उत्तम सेवेच्या व शौर्याच्या स्मरणार्थ कलकत्त्याच्या सरकारनें तें दिल्याचा उल्लेख असून इसवी १७८४ व हिजरी ११९९ अशीं दोन्ही सालें घातलीं आहेत, आणि भोंवतीं कडेनें जेत्या इंग्रज राष्ट्राच्या पराक्रमाची स्तुति आहे. सोनें आणि चांदी अशा दोन धातूंत तें निघालें. मोठा आकार सुमारें ४० मिलिमीटर व्यासाचा व लहान सुमारें ३२ चा.

फारशी कां, ह्याचें उत्तर पदक कोणास मिळालें त्यांत आहे. गोऱ्या सैनिकांस तें मिळालेंच नाहीं. बंगालच्या फौजेंतील हिंदी सुभेदार, जमादार, हवालदार आणि शिपाई ह्यांच्यासाठीं तें होतें, व पिवळ्या दोरींत ओवून तें गळ्यांत घालीत. कंपनीनें हिंदी शिपायांस दिलेल्या मोहिमेच्या पदकांची परंपरा ह्याच पदकापासून धरतात. ज्या शिपायाच्या छातीवर तें रुळे त्यास इंग्रजी येत नसे, आणि बहुधा फारशीही वाचतां येत नसे. पण दरबारची, सनदांची, मानमरातबाची भाषा फारशी आहे एवढें तो जाणत होता. कंपनी आपल्या चाकरीस मोंगली दरबाराचा पोशाख चढवीत होती, असें आम्ही ह्यावरून समजतों.

ही फौज काल्पीहून निघाली. वाटेंत सेनापति मरण पावल्यावर गॉडर्डनें तिचें आधिपत्य घेतलें, आणि मध्य हिंदुस्थान ओलांडून १७७९ च्या फेब्रुवारींत ती सुरतेस पोहोंचली. पुढल्या वर्षीं फेब्रुवारींत तिनें अहमदाबाद घेतलें आणि डिसेंबरांत वसई. तेव्हां किल्ल्यावरचें तें निशाण सर्वस्वीं खोटें आहे असें कोणी म्हणूं नये. पण त्या निशाणाखालीं काय झांकलें गेलें तेंही पाहिलें पाहिजे. गॉडर्ड वाटेवर असतांनाच, १७७९ च्या जानेवारींत, मुंबईहून पुण्यावर चाल करून निघालेली इंग्रज फौज तळेगांवापर्यंत येऊन कोंडली गेली आणि वडगांवीं तिला करार करून परत फिरावें लागलें. पुढें १७८१ च्या एप्रिलांत खुद्द गॉडर्ड बोरघाटांतून मागें हटला, तेव्हां हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांनीं घाट उतरतांना त्याच्या फौजेस सळो कीं पळो करून सोडलें. ह्या दोन प्रसंगांचें पदक नाहीं. आपल्या पराभवाचें पदक कोणताही देश पाडीत नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्या युद्धाच्या शेवटीं घेतलेली वसई परत द्यावी लागली, त्याचा निकाल पदकावर मात्र संपूर्ण एकतर्फी लागलेला आहे.

आमच्याच मजल्यावर एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. वयानें वडील, म्हणून आम्ही त्यांस काका म्हणतों. एके दिवशीं हीं चित्रें पाहतां पाहतां ते म्हणाले, "अहो, वडगांवीं नाक आपण कापलें आणि बिल्ले त्यांनीं वाटले! असलीं पदकें घरांत आणून तुम्ही पोरांना काय शिकविणार?" मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "आमच्या आजोळीं असेंच फारशी अक्षरांचें एक चांदीचें होतें. कोणाचें, कोठून आलेलें, देव जाणे. मावशीच्या बारशाला आजीनें मोडून त्याचे वाळे केले." तें पदक होतें कीं कंपनीचा सुरती रुपया होता, हें आतां ठरविणें शक्य नाहीं. वाळेही पुढें मोडले गेले असतील.

काकांच्या प्रश्नास बगल देणें मात्र योग्य नव्हे. पुष्कळ विचारी मंडळींच्या मनांत तोच प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नापोटींच कितीतरी पदकें सराफाच्या मुशींत जातात. आमचें उत्तर असें कीं, हीं पदकें आपल्या विरुद्ध पक्षाची साक्ष आहे. साक्ष खोटी वाटली म्हणून न्यायाधीश कागद जाळीत नाहीं. तो उलटतपासणी करितो. शिवाय ज्यांच्या गळ्यांत तीं होतीं ते शिपाई ह्याच भूमीचे होते. त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत, त्यांचीं पत्रें कोणत्याही दप्तरांत नाहींत. त्यांच्या चाकरीचा हातांत धरतां येईल असा पुरावा पुष्कळदां ह्या एका चकतीपुरताच उरला आहे, आणि तोही तोळ्यामाशांच्या भावानें वितळावा हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

उलटतपासणी कशी करावी ह्याचा धडा इंग्लंडांतच सांपडतो. १७३९ हें साल मराठी वाचकास वसईमुळें पाठ असतें. त्याच सालाच्या नोव्हेंबरांत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, ॲडमिरल व्हर्नन ह्यानें हल्लींच्या पनामा देशाच्या किनाऱ्यावरील पोर्टोबेलो हें स्पॅनिश बंदर घेतलें, आणि तेंही अवघ्या सहा जहाजांनिशीं! इंग्लंडांत आनंदाचा पूर लोटला. बाजारांतील कारागिरांनीं सोन्यासारख्या चकाकणाऱ्या स्वस्त पितळेंत व्हर्ननचीं पदकें पाडण्याचा सपाटा लाविला. त्यांचे शंभराहून अधिक निरनिराळे ठसे आज नोंदलेले आहेत. ठशांची कोरणी ओबडधोबड आहे. व्हर्ननचें तोंड एका पदकावर एक तर दुसऱ्यावर दुसरेंच, पण 'सहाच जहाजें' हे शब्द बहुधा चुकत नाहींत. (लंडनांत जुन्या वस्तूंच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेल्या पोर्टोबेलो रोडचें नांवही ह्याच विजयावरून आलेलें आहे.)

गंमत पुढें आहे. १७४१ सालीं व्हर्ननानें हल्लींच्या कोलंबियांतील कार्ताहेना ह्या मोठ्या बंदरास वेढा घातला. आरंभींच्या यशाची वार्ता इंग्लंडांत येतांच पदकवाल्यांस धीर धरवेना. स्पॅनिश सेनापति डॉन ब्लास दे लेझो गुडघे टेकून व्हर्ननला आपली तलवार देत आहे, आणि ब्रिटिश वीरांनीं कार्ताहेना घेतलें, असें ठसठशीत कोरलेलीं पदकें विक्रीस आलींसुद्धां. प्रत्यक्षांत कार्ताहेना पडलेंच नाहीं. रोगराईनें व तोफांनीं हजारों माणसें गमावून इंग्रजांस परतावें लागलें. तीं पदकें मात्र आजही मिळतात, आणि दे लेझो त्यांवर आजही गुडघे टेकूनच बसला आहे. धातूवर कोरलें म्हणून तें घडलें असें होत नाहीं, हें मुलांस शिकविण्यास ह्याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच वर्षीं वसई घेणाऱ्या मराठ्यांनीं पदकें पाडलीं नाहींत. आपल्याकडे ती चालच नव्हती. त्यांनीं पोर्तुगीज चर्चांतील घंटा आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळांत, वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बाळ येशू ह्यांची आकृति दिसते. विजयाचें स्मारक म्हणून पदकाच्या तुलनेंत घंटा बरी कीं वाईट, हा वाद आम्ही घालीत नाहीं. एवढेंच कीं, घंटा कोणास खिशांत घालून नेतां येत नाहीं, म्हणून ती राहिली.

इंग्रजांनीं आपल्या कोंकणांतील विजयांचें स्मरण ठेविलें नाहीं असें मात्र नव्हे. कमोडोर जेम्स ह्यानें १७५५ सालीं तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें लंडनजवळ शूटर्स हिलवर एक तिकोनी मनोरा बांधिला. त्यास 'सेव्हर्नड्रूग कॅसल' म्हणतात. सुवर्णदुर्गाचा हा अपभ्रंश वाचून हंसूं येतें. त्याचें सालही १७८४, म्हणजे डेक्कन पदकाचेंच.

१७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्ग पाडण्यास जी फौज आली तींत क्लाइव्ह होता. दीड वर्षाच्या आंत तो प्लासीस पोहोंचला. लढाई १७५७ च्या जूनची; तिच्या स्मरणार्थ लंडनांत, कलांस व व्यापारास उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेच्या नांवानें, १७५८ सालाचें पदक निघालें. त्यावर हत्तीवर बसलेली विजयदेवता आहे, आणि पाठीमागें रोमन सेनापतीच्या वेषांतील क्लाइव्ह बंगालच्या नव्या नबाबाच्या हातीं राजदंड देत आहे. अन्यायाचें परिमार्जन झालें, सवलती वाढल्या, प्रदेश मिळाला, अशा अर्थाचा लेख भोंवतीं आहे, आणि खालीं 'बंगालला सुभा दिला' असें म्हटलें आहे. व्यापारी मंडळी सुभे देऊं लागली, ही गोष्ट इतक्या सरळपणें दुसऱ्या कोणत्या कागदांत आली असेल असें वाटत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांतील पानेंच्या पानें ह्या एका ओळींत आहेत.

ज्या पदकावर आमचा सर्वांत अधिक जीव आहे तें लॉर्ड कॉर्नवॉलिसचें. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथें मॅथ्यू बोल्टन ह्यानें वाफेच्या शक्तीवर चालणारी टांकसाळ उभारली होती. तेथील क्युख्लर नांवाच्या कोरक्यानें हें पदक कोरलें. एका बाजूस कॉर्नवॉलिसचा अर्धा मुखवटा. दुसऱ्या बाजूस १७९२ चा प्रसंग: टिपू सुलतानाचे दोन कोंवळे मुलगे ओलीस म्हणून येत आहेत आणि कॉर्नवॉलिस त्यांस ममतेनें जवळ घेत आहे. लेख लॅटिन आहे, त्याचा भाव असा कीं, शत्रूवर दया करणें हेंच उचित. कोरणी इतकी सुबक कीं, मुलांच्या अंगरख्याच्या चुण्या बोटाला लागतात.

आतां ह्या चित्रांत कोण नाहीं तें पाहा. त्या युद्धांत कॉर्नवॉलिस एकटा नव्हता. निजामाची फौज होती आणि पेशव्यांची होती. हरिपंत फडके श्रीरंगपट्टणासमोर स्वतः हजर होते. परशुरामभाऊंनीं मुंबईच्या कॅप्टन लिट्लच्या पलटणींसह १७९१ सालीं धारवाड घेतलें होतें. त्या पलटणींतील एडवर्ड मूर ह्या तरुण अधिकाऱ्यानें भाऊंच्या फौजेचें वर्णन करणारें पुस्तकच १७९४ सालीं छापलें. टिपूनें अर्धें राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें, तें तिघां दोस्तांस मिळून. मुलें ओलीस आलीं तीं तिघांच्याही कराराची हमी म्हणून. पदकावर मात्र दया करणारा एक आणि दया घेणारे दोन. ह्या प्रसंगाची मराठी बाजू ज्यांस वाचावयाची असेल त्यांनीं वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून काढून छापलेला 'ऐतिहासिक लेखसंग्रह' पाहावा. पदकाचें चित्र आणि खऱ्यांचा तो खंड एकाच मेजावर ठेवून वाचण्यांत एक निराळाच आनंद आहे, आणि आमच्या घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनीं तो चाखला आहे.

ह्याच कॉर्नवॉलिसचें दुसरेंही एक रूप पदकांत सांपडतें. १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें तो अमेरिकनांस शरण गेला होता. १७८३ सालीं बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांच्या प्रेरणेनें पॅरिसला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचें जें पदक निघालें, त्यावर पाळण्यांतला हर्क्युलिस दोन सर्प गळा दाबून मारीत आहे. त्या सर्पांनीं शरण आलेल्या दोन इंग्रज फौजा सुचविल्या आहेत आणि त्यांतील एक फौज कॉर्नवॉलिसची. एका पदकावर साप, दुसऱ्यावर दयासागर, आणि मध्यें अंतर अवघ्या दहा वर्षांचें!

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पदकाविषयीं पुष्कळ लिहितां येईल, पण थोडक्यांत आटोपतों. हेंही क्युख्लरनेंच कोरलें. त्यावर ब्रिटिश सिंह वाघास खालीं दाबीत आहे, कारण वाघ हें टिपूचें चिन्ह. गोऱ्या शिपायाचा गळा धरणारा टिपूचा लांकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्यें आहे. हें पदक म्हणजे जणूं त्या खेळण्यास दिलेलें प्रत्युत्तर. सिंहामागच्या निशाणावर अरबी शब्द आहेत: ईश्वराचा सिंह विजयी आहे. हेच शब्द टिपू आपल्या शस्त्रांवर व निशाणांवर घालीत असे. शत्रूचें ब्रीद काढून घेऊन त्याच्याच विरुद्ध वापरण्याची ही चतुराई मान्य करावीच लागते. पाठीमागें किल्ल्यावरील हल्ल्याचें चित्र असून आकाशांत सूर्य अगदीं माथ्यावर दाखविला आहे, कारण ४ मेचा तो हल्ला भर दुपारचा. हुद्द्याप्रमाणें धातु ठरला होता. सर्वांत वरिष्ठांस सोनें, मग मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, त्याखालीं कांसें, आणि हजारों शिपायांस कथील. मुंबईच्या फौजेनें त्या मोहिमेंत भाग घेतला होता, व तींत कोंकणांतील पुष्कळ माणसें असत. म्हणून रत्नागिरी-कुलाब्याकडच्या एखाद्या घरांत काळवंडलेलें, वांकलेलें, भोंक पाडलेलें कथलाचें पदक निघालें तर तें फेकूं नये. सोन्याच्या पदकाचा धनी कोण होता तें पुस्तकांत सांपडतें. कथलाच्या पदकाचा धनी त्या घराखेरीज दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं.

आतां ज्यांस हा नाद लावून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी. आरंभ महाग पदकांनीं करूं नये. सोहोच्याच टांकसाळींतून १७९१ व १७९४ सालीं मुंबई इलाख्यासाठीं तांब्याचे पैसे पाडून आले होते. त्यांवर एका बाजूस कंपनीची खूण व दुसऱ्या बाजूस तराजू असून 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द आहे. ते थोड्या पैशांत मिळतात, आणि वाफेच्या यंत्राचा एकसारखा ठसा कसा उमटतो हें त्यांवरून डोळ्यांस कळतें. तो सराव झाला कीं नकली वस्तु लवकर ओळखूं येते. ओतीव नकलेचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि धातु थंड होतांना आकसल्यामुळें व्यास अस्सलपेक्षां किंचित् कमी भरतो. कांठावर सांधा दिसला तर खरेदी थांबवावी. विजेच्या साहाय्यानें दोन कवचें करून जोडलेल्या जुन्या प्रतिकृति संग्रहालयांनीं अभ्यासासाठीं करविल्या होत्या, त्याही अशा सांध्यावरून ओळखतात. कंपनीच्या कांहीं पदकांचे जुने ठसे वापरून मागाहूनही पदकें पाडलीं गेलीं. तीं खोटीं नव्हेत, पण त्यांचा मोल निराळा, आणि विकणाऱ्यानें तसें सांगितलें पाहिजे.

भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारांत आणि देवस्थानांच्या बाहेर राम, सीता व हनुमान ह्यांचीं चित्रें असलेलीं, पाठीमागें ईस्ट इंडिया कंपनीचें नांव आणि १७१७ किंवा १८१८ असें साल घातलेलीं चकत्यांसारखीं नाणीं विकतात. कंपनीनें असलीं नाणीं कधींही पाडलीं नाहींत. त्यांत दैवी शक्ति आहे, तीं तांदूळ ओढून घेतात, अशा थापा मारून लोकांस लाखों रुपयांस बुडविल्याचे प्रकार पोलिसांपर्यंत गेले आहेत. सुशिक्षित घरांतही ह्या चकत्या देव्हाऱ्यांत बसलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. पूजा करावयाची तर खुशाल करावी, इतिहास म्हणून मात्र त्यांस जवळ करूं नये.

घरांत खरें जुनें पदक निघालें तर पहिली गोष्ट ही कीं, तें घांसूं नये. चिंच, लिंबू, राख, रांगोळी ह्यांपैकीं कांहींही लावूं नये. दिवाळीच्या भांड्यांबरोबर उजळून निघालेलें पदक जाणत्याच्या दृष्टीनें निम्मे मेलेलें असतें. शंभर-दोनशें वर्षांत चढलेला काळसर रंग त्याचें संरक्षण करितो आणि त्याच्या वयाची साक्षही देतो. रबराचे पट्टे व वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी पाडतात, आणि मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. आमच्या मुंबईच्या पावसाळ्यांत तर हवेंतला ओलावाच शत्रु. स्वच्छ कोरड्या कागदाच्या पाकिटांत, शेजारीं ओल शोषणाऱ्या सिलिकाची पुडी घालून, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. हातांत धरतांना कांठास धरावें. लहान मुलांस हें एकदां सांगितलें कीं तीं मोठ्यांपेक्षां अधिक कटाक्षानें पाळतात, असा आमचा अनुभव आहे.

कायद्याचीही माहिती असावी. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तु खासगी माणसास देशाबाहेर विकतां वा पाठवितां येत नाहींत, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणारास परवाना लागतो. परदेशांतील भाच्यानें किंवा जांवयानें कितीही आग्रह केला तरी टपालांतून पदक धाडूं नये, छायाचित्र धाडावें. अभ्यासासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय टाउन हॉलांत आहे, छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचें नाणेदालन पाहण्यासारखें आहे, रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं फोर्टांत नाण्यांचें संग्रहालय उघडलें, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथें नाणेशास्त्राची एक स्वतंत्र संशोधनसंस्था आहे.

आणखी एक काम घरच्या घरींच करण्यासारखें आहे, व तें येत्या लक्ष्मीपूजनाच्या आधींही करतां येईल. डब्यांतील प्रत्येक जुनी वस्तु बाहेर काढावी आणि घरांतील सर्वांत वडील व्यक्तीस, आजींस किंवा थोरल्या काकूंस, ती कोणाची, कोणत्या गांवाहून आली, कोणाच्या लग्नांत वा वांटणींत मिळाली, हें विचारावें. त्या जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर उतरून घ्यावें, "आठवत नाहीं" म्हणाल्या तर तेंही लिहावें, खालीं तारीख घालावी, आणि ती चिठ्ठी पदकाच्या पाकिटांत ठेवावी.